न ऐकता घेतलेलं व्रत

निपाणीजवळच्या त्या खेड्यात बोलक्या बायका काही कमी नव्हत्या, पण शालनआक्का समोर आली की बाकीच्या गप्प बसायच्या. त्यांचा नाइलाजच असायचा. पाणवठ्यावर भेटो नाहीतर तंबाखूच्या रानात, आक्का आधी बोलायला लागायची आणि समोरचीला तोंड उघडायला जागाच ठेवायची नाही. म्हशीनं लाथ मारली तिथपासून जावयाच्या दुकानात नवीन काय आलं तिथपर्यंत सगळं एका दमात सांगायची आणि "येते गं बाई, चुलीवर डाळ हाय," म्हणून चालू पडायची. लोक हसायचे. आक्काचा पट्टा सुटला म्हणायचे.

खरी गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. आक्काला ऐकू येत नव्हतं. आपण बोलत असलो की दुसरं कुणी आपल्याला काही विचारत नाही, हे तिनं बरोबर हेरून ठेवलं होतं.

हे दुखणं मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीतलं. तिची लेक ब्राह्मी तेव्हा अंगावर पीत होती. गावातली धडधाकट माणसं दोन दिवसांच्या तापात गेली, आक्का वाचली. ताप उतरला, पण कानात एक रातकिडा येऊन बसला तो कायमचाच. मग वर्षावर्षानं एकेक आवाज कमी होत गेला. आधी चिमण्या गेल्या, मग बांगड्या, मग शेजघरातली कुजबुज. अलीकडे तर अगदी कानाशी येऊन कुणी ओरडलं तरच काहीतरी कळायचं.

तिनं हे लपवलं त्याला कारण होतं. तिची सासू बहिरी होती. घरातली माणसं म्हातारीशी एक तर खेकसून बोलायची, नाहीतर बोलायचीच नाहीत, आणि तिच्या देखत तिच्याचबद्दल वाट्टेल ते बोलून हसायची. त्या हसणाऱ्यांत नवी सून म्हणून आक्काही होती. आपली तशी गत होऊ द्यायची नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. ओठ बघायचे, हात बघायचे, शेजारची काय करते ते बघून तसं करायचं. नवरा, कुंथुनाथआप्पा, मुळातच अबोल माणूस. रानातून यावं, जेवावं, तंबाखूच्या पानांकडे बघत बसावं. काही विचारलंच आणि उत्तर आलं नाही, तर ते समजायचे की बाई रुसली. त्यांच्या संसारात आक्का फार वेळा रुसायची.

सगळ्यांत अवघड जागा म्हणजे बस्ती. बस्ती म्हणजे गावातलं जैन मंदिर. चातुर्मासात एखादे मुनिमहाराज गावात मुक्कामाला असले की रोज दुपारी मंडपात प्रवचन व्हायचं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, त्याही मागे. आक्का रोज जायची. न जाण्याचं कारण काय सांगणार? जयाबाई नावाची शेजारीण होती, तिच्या डाव्या हाताला बसायची. जयाबाईनं हात जोडले की हात जोडायचे, ती हसली की हसायचं, तिनं डोळे पुसले की पदर डोळ्यांना लावायचा. आक्कासारखी रंगून ऐकणारी बाई गावात दुसरी नाही, असं सगळे म्हणत.

आणि इथंच घोटाळा झाला.

आदल्या सालची गोष्ट. प्रवचन संपत आलं होतं आणि आक्काला पेंग आली होती. डोळे उघडून बघते तर जयाबाई हात जोडून उभी. आणखी चारदोन बायका उभ्या. आरती सुरू झाली असं समजून आक्का लगबगीनं उठली, हात जोडले. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. उभ्या असलेल्यांनी मान लववली, आक्कानं सगळ्यांपेक्षा जास्त लववली. मग बायका येऊन तिच्या पाया पडायला लागल्या तेव्हा मात्र ती गोंधळून एकेकीचे ओठ बघायला लागली.

ती आरती नव्हती. बायकांनी दिग्व्रत घेतलं होतं. चारी दिशांना हद्द घालून घ्यायची आणि जन्मभर तिच्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही, असं ते व्रत. हिंडणं फिरणं कमी, तेवढी हातून होणारी हिंसा कमी. हद्द महाराजांनीच सांगितली होती, आणि दक्षिणेची हद्द होती स्तवनिधीचा घाट. बेळगाव घाटाच्या पलीकडे. आणि बेळगावात होती ब्राह्मी, आक्काची एकुलती एक लेक.

हे सगळं आक्काला कळलं ते घरी आल्यावर, कारण त्या दिवशी आप्पा कधी नव्हे ते अगदी जवळ येऊन ओरडले.

"मला न इचारता असलं व्रत घेतलंस? पोरीकडं जायचं न्हाय व्हय आता?"

त्याच वेळी खरं सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण वीस वर्षांचं सोंग एका क्षणात उतरवायचं म्हणजे साधं काम नाही. आक्कानं मान ताठ केली.

"मनात आलं, घेटलं. पोरगी येतीय की हिकडं. मी कशाला जाऊ?"

आप्पा परत पानांकडे बघायला लागले. आक्का परसात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडली. गावात मात्र तिचा मान वाढला. एवढ्या वयात एवढं मोठं व्रत! बायका हळदीकुंकवाला तिला पहिलं बोलवायला लागल्या. खोटं कशाला बोला, तो मान तिला थोडा आवडलाही.

पुढच्या सालच्या श्रावणात एक दिवस आक्का सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. दाराकडे पाठ होती. जावई जिनदत्त बेळगावहून सर्व्हिस मोटारीनं आला आणि दारात उभा राहून "मामी, मामी" म्हणून हाका मारत राहिला. काही उत्तर नाही. शेवटी त्यानं हातातली पिशवी जमिनीवर आपटली तेव्हा ती दचकून वळली.

"अगबाई, जावईबापू! कवा आलासा? चाहूल बी लागली न्हाय."

जिनदत्ताचं बेळगावात ग्रामोफोन विकण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस शांत, आवाज त्याहून शांत. तो बसला, पाणी प्याला आणि खाली बघत सावकाश बोलायला लागला. आक्काला ओठ दिसेनात. "ब्राह्मी" एवढं कळलं. मग "डॉक्टर" कळलं. ब्राह्मीची आधीची दोन बाळंतपणं अर्ध्यावरच मोडली होती. जावयाचा चेहरा गंभीर, प्रवासानं ओढलेला. आक्कानं तो चेहरा वाचला आणि सुपातले तांदूळ उडवून तिनं छाती बडवायला सुरुवात केली.

"माझी ब्राह्मी! गेली गं माझी लेक!"

जिनदत्त हबकलाच. तो नाही नाही म्हणत होता, हात हलवत होता, पण ती डोळे मिटून आकांत करत होती. मिटल्या डोळ्यांनी तिला काय ऐकू येणार? तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. दुकानात येणारी काही म्हातारी माणसं तबकडी लागली की ग्रामोफोनच्या कर्ण्यात कान घालून बसायची, ती त्याला आठवली. तो सरळ स्वयंपाकघरात गेला, तेल ओतायचं नरसाळं घेऊन आला, निमुळती बाजू आक्काच्या कानाशी धरली आणि पसरट तोंडात हळूच बोलला.

"मामी. ब्राह्मी बरी हाय. दिवस गेल्यात तिला. पाचवा लागलाय."

आक्काचे हात छातीवर तसेच राहिले. कितीतरी वर्षांत कुणाचं न ओरडता बोललेलं तिला ऐकू आलं नव्हतं. आवाजात शब्द होते, आणि शब्द वेगवेगळे, सुटे सुटे ऐकू येत होते.

"जिती हाय?" तिनं विचारलं.

"जिती हाय. डॉक्टर म्हणतोय, पडून ऱ्हायाचं, उठायचं न्हाय, मोटारीत तर बसायचंच न्हाय. म्हणून तुम्हास्नी न्यायला आलोय. तुमच्याशिवाय कोण करणार तिचं?"

आनंदानं आक्का उठून उभी राहिली आणि उभ्या उभ्याच तिचा चेहरा उतरला. स्तवनिधीचा घाट आडवा आला. व्रत मोडलं तर पाप लागेल, ते आपल्याला लागलं तर लागू दे, पण लेकीच्या पोटातल्या जिवाला लागलं तर? दोनदा रिकामी झालेली पोर. आणि न जावं तर तिचं करायला दुसरं कुणी नाही. मग तिनं नरसाळं कानाला तसंच धरून जावयाला सगळं सांगितलं. कान, जयाबाई, आरती, सगळं. जगात हे कळलेला तो पहिला माणूस.

तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार.

"महाराजांना सांगा की," तो म्हणाला. "ह्या साली दुसरे महाराज आल्यात. लई समजूतदार हैत म्हणत्यात."

"एकटीनं जाऊन सांगाया येतंय व्हय? चार माणसं बसल्यालीच असत्यात तितं. आनि त्यांनी काय सांगिटलं ते मला कसं कळंल? परत मान हलवू? मागं मान हलवली तर घाट बंद झाला. आता हलवली तर घराचं दार बंद व्हायचं."

जिनदत्तानं नरसाळं हातात घेऊन उलटसुलट फिरवून बघितलं. दुकानात येणाऱ्या एका पाद्र्यानं त्याला सांगितलं होतं की विलायतेत काही देवळांत बहिऱ्या माणसांसाठी बाकापर्यंत नळ्या आणलेल्या असतात, काही ठिकाणी तर विजेच्या तारा. बोलणारा तिकडे बोलतो आणि बहिऱ्याच्या कानात इकडे उमटतं. दुकानाच्या माळ्यावर जुन्या मशिनचे कर्णे धूळ खात पडले होते. हल्ली लोकांना बिनकर्ण्याची पेटी लागायची.

"ह्या खेपेला ऐकूनच मान हलवायची, मामी," तो म्हणाला आणि दुपारच्या मोटारीनं परत गेला.

चार दिवसांनी तो परत आला, एक भलामोठा पत्र्याचा कर्णा आणि रबरी नळीचं वेटोळं खांद्यावर घेऊन. बस्तीसमोर ही गर्दी जमली. भरमू पाटील म्हणजे गावातलं वजनदार माणूस, पंचांचा प्रमुख. त्यांनी काठी आडवी धरली.

"तबकडीचं यंत्र बस्तीत? उद्या नाटकातली पदं वाजवशीला!"

"यंत्र न्हाय पाटील, नुसतं नरसाळं हाय मोठं. ज्यास्नी कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी."

"आमच्या गावात कुणाला कमी ऐकू येतंय?" पाटील गरजले. ते नेहमीच गरजायचे. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून गरजावं लागतं, हे पाटलांखेरीज साऱ्या गावाला माहीत होतं.

महाराजांनी सगळं सामान आत मागवलं. दिगंबर मुनी, सडसडीत, कानडी मुलखातले, पण मराठी इकडच्यासारखीच बोलायचे. त्यांनी कर्णा निरखून बघितला. वीज आहे का, विचारलं. नाही. विजेत जीव मरतात, ती चालली नसती. मग नळीच्या सांध्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

जिनदत्ताची मान खाली गेली. दुकानातल्या सवयीनं त्यानं कर्णा आणि नळीचा सांधा चामड्याच्या पट्टीनं आवळला होता. बस्तीत चामडं! जैनाच्या पोरानं! तो धावत बाहेर गेला, पट्टी काढून टाकली आणि सांधा मेणानं बुजवून आणला. आता जयाबाई पुढे झाली. मेण कुठून येतं? मधमाश्यांच्या पोळ्यातून. पोळं जाळल्याशिवाय का मेण मिळतं? पुन्हा बाहेर. लाखेचं कुणीतरी सुचवलं, तर लाख म्हणजे किड्यांचीच. दमून भागून जिनदत्त आक्काच्या दारात येऊन बसला. आक्कानं त्याच्या हातातली नळी घेतली, ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली, सुताची चिंधी त्यात बुडवून सांध्यावर घट्ट गुंडाळली आणि उन्हात धरली. तिलाच जायचं होतं बेळगावला.

महाराजांनी सांधा बघितला आणि हसले. "आता ह्यात कुणी मेलं न्हाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कर्णा महाराजांच्या आसनासमोर, तोंड त्यांच्याकडे करून ठेवला. नळी सतरंजीखालून आणली होती आणि पुढे तिला दोन फाटे फोडले होते, एक बायकांच्या अंगाला, एक पुरुषांच्या. मंडप भरला होता. कर्ण्यातून आता काय निघतं ते बघायला पलीकडच्या वाडीचेही लोक आले होते.

"ज्यांना कमी ऐकू येतंय त्यांनी नळीपाशी यावं," महाराज म्हणाले.

कुणी हललं नाही. दोघा तिघा म्हाताऱ्यांनी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. भरमू पाटील मिशीवर हात फिरवत ताठ बसून राहिले. आक्काला काय म्हटलं ते कळलं नव्हतं, पण वेळ झाली हे कळलं. तिनं पदर सावरला. जयाबाईनं तिचा पदर ओढला, कुठं निघालीस म्हणून. वीस वर्षं जिच्याकडे बघून उठली बसली, त्या जयाबाईला तशीच बसलेली सोडून आक्का उठली. सगळ्या गावादेखत पुढे गेली, खाली बसली आणि नळीचं टोक कानाला लावलं.

मागे एकदम कुजबुज उठली. आप्पांनी डोळे विस्फारले. मग आक्काच्या सगळ्या रुसव्यांचा हिशेब त्यांच्या ध्यानात आला आणि त्यांचा चेहरा अगदी केविलवाणा झाला.

नळीतून आधी नुसती हवा आली. मग खोकल्याचा आवाज. महाराज खोकले होते, आणि ते खोकल्याचं तिला ऐकू आलं! मग णमोकार मंत्र सुरू झाला. हा मंत्र ती रोज स्वतःच्या तोंडानं म्हणायची, पण दुसऱ्याच्या तोंडचा तिनं कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि आज ते जयाबाईकडे बघून आलेलं नव्हतं. प्रवचन क्षमेवर होतं का सत्यावर, कुणास ठाऊक. ती शब्द नुसते पीत राहिली. दरम्यान भरमू पाटील वाऱ्याला सरकल्यासारखं करत, इंच इंच, दुसऱ्या फाट्याजवळ पोचले होते. कुणी बघत नाही असं बघून त्यांनी टोक कानाला लावलं आणि त्यांची मिशी थरथरली.

प्रवचन संपलं. आक्का उभी राहिली. नळी मात्र तिनं कानापासून सोडली नाही.

"महाराज, गेल्या साली मी ह्याच मंडपात उभारले आनि दिग्व्रत घेटलं. पन मला काय बी ऐकू आलं न्हवतं. मला ऐकूच येत न्हाय. मानमोडीपास्नं न्हाय. जयाबाई उभारली म्हणून उभारले. आरती लागली वाटलं मला."

मंडपात हशा फुटला. खांबांना हादरे बसावेत असा हशा. जयाबाईनं तोंडाला पदर लावला, वाडीचे लोक मांडीवर थापा मारायला लागले. जिनदत्तानं भीतीनं आक्काकडे पाहिलं. सासूवर जसे हसायचे तसेच लोक तिच्यावर हसत होते, ज्या एका गोष्टीपायी तिनं जन्म काढला तीच समोर उभी ठाकली होती.

पण आक्का तशीच शांत उभी होती. नळीचं दुसरं तोंड महाराजांपुढे होतं आणि महाराज हसत नव्हते. त्यामुळे तिच्या कानात हशा नव्हताच. तिथं फक्त महाराजांचा श्वास चालला होता, आणि ती त्यांच्या उत्तराची वाट बघत होती.

महाराजांनी पिंछी उचलली तसा मंडप गप्प झाला.

"घाटापलीकडं कोण हाय तुझं?"

"लेक हाय. दोनदा रिकामी झालीया. आता परत दिवस गेल्यात. पडून हाय. तिचं करायला कोण न्हाय."

"आनि एवढे दिवस सांगिटलं का न्हाईस?"

"लाज वाटली." आणि पुढं म्हणाली, "लोक पाया पडायला लागले, ते बी बरं वाटलं."

आता महाराजांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते कर्ण्याकडे थोडे वाकले. ओरडले नाहीत. घरात बोलावं तसं बोलले.

"आक्का, व्रत म्हंजे समजून, आपल्या मनानं घ्यायचं. तू ऐकलंच न्हाईस, मग घेटलंस काय? तुझ्यावर व्रत न्हाई. ते मोडत बी न्हाई आनि पाप बी लागत न्हाई, ना तुला, ना पोटातल्याला. सोंग केलंस त्याचं प्रायश्चित्त म्हणून महिनाभर रोज एक जपमाळ ओढ, लेकीच्या उशाशी बसून. जा. घाट ओलांडून बेळगावला जा."

सगळा मंडप आक्काकडे बघायला लागला. ती हात जोडेल, मान लववेल, नेहमीसारखी. पण ती हलली नाही. दोन्ही हातांनी नळी कानाशी धरून तशीच उभी राहिली. जिनदत्ताला वाटलं, सांधा सुटला. तो अर्धा उठला.

"महाराज," आक्का म्हणाली, "परत एकदा सांगा."

"का? ऐकू आलं न्हाई?"

"आलं की. सगळं आलं," ती म्हणाली. "म्हणूनच."